डोंग्याची पत

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, नदीकाठच्या एखाद्या ढिवराच्या (मासेमाराच्या) घरात कशाकशाला विमा आहे याची यादी करायला बसलं, तर यादी बरीच लांबते. अंगणातल्या मोटारसायकलला विमा आहे, कारण तो नसला तर भंडाऱ्याच्या रस्त्यावर पोलीस अडवतो. अर्ध्या एकरातल्या धानाला विमा आहे, निदान गेल्या एक-दोन हंगामांत होता. म्हैस बँकेच्या कर्जातून आली असेल तर तिच्या कानात विम्याचा बिल्ला आहे. घरच्या कर्त्या माणसाला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण आहे, आणि ते आहे हे त्याला ठाऊक नसण्याची शक्यताही बरीच आहे. मग घाटावर खुंटीला बांधलेला डोंगा येतो आणि यादी तिथेच थांबते. डोंग्याला नंबर नाही, कागद नाही, विमा तर नाहीच. घर चालतं ते मात्र त्याच्यावर.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. माजी मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या आणि कडेने वाहणारी वैनगंगा, असं पाण्याचं हे वैभव आहे. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याला उगम पावते, तुमसर-मोहाडीवरून भंडाऱ्याला येते आणि पवनीजवळ गोसेखुर्दच्या धरणात अडते. सूर नदी मोहाडी तालुक्यातून येऊन तिलाच मिळते. खुद्द मोहाडी गाव गायमुख नदीच्या काठी, चौंडेश्वरी मातेच्या देवळासाठी ओळखलं जाणारं. एवढं पाणी आहे म्हटल्यावर डोंगे आलेच. पूर्वी ते एका खोडातून कोरलेले असत, आता बरेचसे पत्र्याचे किंवा फळ्या ठोकून केलेले असतात. पहाटे जाळं टाकायला, शिंगाड्याच्या दिवसांत तलावात फिरायला, रोवणीच्या दिवसांत बायाबापड्यांना पलीकडच्या बांधीत सोडायला आणि कापणीनंतर तणस आणायला हाच एक डोंगा लागतो. हे चार उपयोग लक्षात ठेवावेत. विमा कंपनीच्या दृष्टीने ते चार वेगवेगळे धंदे आहेत.

दुसरं टोक अमेरिकेत आहे. फ्लोरिडात किंवा मिशिगनच्या सरोवरांवर हौशी माणूस नाव घेतो आणि विमा कंपनीकडे दर विचारतो. कंपनी नावेची लांबी, वय, इंजिनाची अश्वशक्ती, किंमत विचारते. नाव कुठल्या पाण्यात चालणार, हिवाळ्यात बाहेर काढून ठेवणार का, वादळांच्या पट्ट्यात आहे का, चालवणाऱ्याने सुरक्षिततेचा अभ्यासक्रम केला आहे का, मागच्या काही वर्षांत किती दावे केले, हेही विचारते. इथवर आपल्यालाही पटतं. पण अनेक राज्यांत कंपनी आणखी एक गोष्ट गुपचूप पाहते, ती म्हणजे या माणसाने क्रेडिट कार्डाची बिलं वेळेवर पटवली की नाही. त्याच्या कर्जफेडीच्या इतिहासावरून एक विमा-गुणांक काढला जातो. तो खराब असेल तर तीच नाव, तेच पाणी, तोच खलाशी असूनही हप्ता वाढतो. हा प्रकार १९९० च्या दशकात मोटार आणि घरविम्यातून रुजला आणि नावांनाही लागू झाला. १९७० चा तिथला पतमाहितीविषयक कायदा त्याला मुभा देतो. अट एवढीच की पतमाहितीमुळे ग्राहकाला प्रतिकूल निर्णय मिळाला तर तसं त्याला कळवावं लागतं.

कार्डाचं बिल थकवणाऱ्याचा नाव बुडण्याशी काय संबंध, असं कोणीही विचारेल. कंपन्यांचं उत्तर आकडेवारीचं आहे: कमी गुणांकाचे लोक सरासरीने जास्त दावे करतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००७ मध्ये मोटार विम्याबाबत हे तपासलं. गुणांकावरून दाव्यांचा अंदाज येतो, हे त्यांना आढळलं. त्याच वेळी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोक कमी गुणांकांच्या गटात प्रमाणाबाहेर जास्त आहेत, हेही आढळलं. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई या राज्यांत मोटार विम्यासाठी असा गुणांक वापरू देत नाहीत. मला कंपन्यांचा युक्तिवाद गणित म्हणून मान्य आहे, न्याय म्हणून नाही. ज्याच्या हातात पैसा खेळत नाही तो छोटं नुकसानही स्वतःच्या खिशातून भरू शकत नाही, म्हणून तो दावा करतो. त्याच्या गरिबीला कंपनी बेफिकिरी समजते.

यात एक ऐतिहासिक गंमत आहे. दर्जा ठरवून त्याला अक्षर देण्याची पद्धत जगात जहाजांपासून पसरली. लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजमालक आणि जोखीम उचलणारे जमत. त्याच वर्तुळातून १७६० मध्ये जहाजांची नोंदवही ठेवणारी संस्था निघाली. तिच्या वहीत प्रत्येक जहाजाच्या सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एक अक्षर आणि दोर-नांगर वगैरे सरंजामाला वेगळा शेरा मिळे. पुढे १७७५ च्या सुमारास ‘ए-वन’ हा शेरा आला. मालक दारुडा आहे की देवभोळा, कर्जात आहे की नाही, याचा या अक्षराशी संबंध नव्हता. लाकूड कसं आहे, शिवण कशी आहे, एवढंच बघितलं जाई. माणसांची पत मोजणारी पहिली मोठी पेढी न्यूयॉर्कमध्ये लुईस टॅपन या रेशीम व्यापाऱ्याने काढली ती १८४१ मध्ये, ८१ वर्षांनी. आज अमेरिकेत नावेचा हप्ता ठरवताना लाकडाचा दर्जा आणि माणसाचा दर्जा एकाच पानावर येऊन बसले आहेत.

आपल्याकडे तर कर्ज आणि विमा एकाच कागदावर असायचे. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात जोखमी हुंडी चाले. माल गलबतात चढला की हुंडीवर पैसे उचलायचे. माल सुखरूप पोचला तरच हुंडी वटायची, गलबत बुडालं तर हुंडी धारकाचे पैसेही बुडाले. म्हणजे पैसे देणारा हाच विमा उतरवणारा. त्याला गलबत, नाखवा, मोसम आणि व्यापारी, चारही पारखून घ्यावे लागत, आणि वटावाचा दर त्या पारखीवर ठरे. आज हे काम बँक आणि विमा कंपनी अशा दोन दारांत वाटलं गेलं आहे. मोहाडीचा ढिवर त्या दोन दारांमध्ये अडकला आहे तो असा.

भारतात मासेमारी नौकेचा विमा घ्यायला गेलं तर प्रस्तावपत्रात सिबिलचा, म्हणजे पतगुणांकाचा, रकाना नसतो. नौकेच्या विम्याचे दर पूर्वी ठरवून दिलेले असत. २००५ पासून ते खुले झाले आणि कंपन्या आपापल्या हिशेबाने दर लावू लागल्या. त्या हिशेबात नौका लाकडी आहे, फायबरची आहे की पोलादी, किती वर्षांची, किती लांब, इंजिन कुठलं, कुठल्या बंदरातून किती आत जाणार, आणि मागचे दावे किती, हे येतं. संरक्षण फक्त संपूर्ण नुकसानीचं हवं की दुरुस्तीचंही, यावर हप्ता बराच हलतो. सुरुवातीचे अमुक हजार मालकाने सोसायचे, ही रक्कम जितकी मोठी तितका हप्ता कमी. कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि नौका किनाऱ्यावर ओढून ठेवतात, म्हणजे सर्वांत धोक्याचे दोन महिने विमा कंपनीच्या हिशेबातून वजा होतात. वैनगंगेवर याच्या नेमकं उलटं आहे. रोवणी जुलै-ऑगस्टमध्ये, नदी दुथडी असताना, आणि त्याच वेळी मजुरांना पलीकडे जायचं असतं. ज्या दिवसांत डोंगा खुंटीला राहायला हवा त्याच दिवसांत त्याला सर्वाधिक काम असतं. कुठल्याही दरतक्त्यात ही जोखीम बसवायची तर दर कोकणातल्या नौकेपेक्षा चढाच निघेल.

शिवाय अटी आहेत. १९६३ चा सागरी विमा कायदा जुन्या इंग्रजी कायद्याच्या वळणावर बेतलेला आहे आणि त्यात वचनबद्ध अटींबाबत कमालीचा कडकपणा आहे: पॉलिसीत लिहिलेली अट अक्षरशः पाळली गेली पाहिजे, ती जोखमीच्या दृष्टीने महत्त्वाची होती की नव्हती हा प्रश्नच नाही. मासेमारीची म्हणून विमा उतरवलेली नौका प्रवासी नेत असताना बुडाली तर दावा अडतो. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली तरी तेच. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या फेरीबोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. त्यात चूक धडक देणाऱ्याची, पण फेरीबोटीवर परवान्यापेक्षा जास्त प्रवासी होते हेही लगेच पुढे आलं. मुंबईत निदान परवाना होता, त्यावर आकडा होता, आणि आकडा ओलांडला गेला हे सांगता आलं. मोहाडीच्या डोंग्यात किती माणसं बसावीत हे कुठे लिहिलेलंच नाही. पहाटे तो मासेमारीचा असतो, नऊ वाजता प्रवासी, दुपारी मालवाहू. कुठली अट पाळली आणि कुठली मोडली, हे ठरवायला पॉलिसी लिहिणारा अधिकारी घाटावर राहायला आणावा लागेल.

ही आडगावची, किरकोळ जोखीम आहे असं कोणाला वाटत असेल तर अलीकडच्या तारखा पाहाव्यात. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा माणसं गेली. २३ जानेवारी २०२४ रोजी याच वैनगंगेत, खाली गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ, मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या सहा बाया बुडाल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी जाताना वादळी वाऱ्यात नाव बुडून सहा जण गेले. समुद्र यांपैकी एकाही ठिकाणी नव्हता.

आता हिशेब करून पाहू. समजा, पत्र्याचा डोंगा जाळ्यासकट ३० हजारांचा आहे. समजा, कंपनीने दोन टक्के दर लावला. हप्ता झाला ६०० रुपये. एवढ्या पैशांत कंपनीने कागद तयार करायचे, डोंगा अस्तित्वात आहे हे कोणाला तरी पाठवून बघायचं, आणि बुडाला तर पुन्हा कोणाला तरी पाठवून खरंच बुडाला का हे ठरवायचं. नागपूरहून मोहाडीला माणूस यायचा-जायचा खर्चच हप्ता खाऊन टाकतो. म्हणजे डोंग्याचा विमा केवळ जोखमीमुळे महाग नाही, तो लहान असल्यामुळे परवडत नाही. विम्याच्या धंद्यातलं हे साधं सत्य आहे, आणि दरावर परिणाम करणाऱ्या घटकांच्या यादीत ते क्वचितच लिहिलेलं असतं: वस्तू जितकी स्वस्त तितका तिच्या विम्याचा खर्च प्रमाणाने जास्त.

मग म्हशीचा विमा कसा होतो? तिची किंमतही फार मोठी नाही. उत्तर तिच्या कानातल्या बिल्ल्यात आहे. ती कर्जातून आली. बँकेला आपले पैसे सुरक्षित हवेत म्हणून तिने विमा काढायला लावला, बिल्ला मारला, कागद स्वतःकडे ठेवले. कंपनीला एकेका गोठ्यात जावं लागलं नाही, बँकेने गिऱ्हाईक आणून दिलं. धानाचंही तेच. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ मध्ये आली तेव्हा पीककर्ज घेणाऱ्याला विमा सक्तीचा होता. २०२० च्या खरिपापासून तो ऐच्छिक झाला. राज्याने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा दिला, २०२५ च्या खरिपापासून तो बंद केला. या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट कायम राहिली: ग्रामीण भागात विमा कर्जाच्या पाठीमागून घरात येतो. कोकणात लाखोंची नौका बँकेकडे तारण असते तेव्हा पॉलिसीवर बँकेचं नाव चढतं आणि भरपाईचा पहिला हक्क बँकेचा असतो. मालकाला पॉलिसीची आठवण असो-नसो, बँकेला असते.

म्हणून पतगुणांकाचा मोहाडीतल्या डोंग्याशी संबंध आहे, पण अमेरिकेतल्यासारखा नाही. तिथे गुणांक वाईट असला तर विमा महागतो. इथे गुणांकच नसतो, म्हणून कर्ज मिळत नाही. कर्ज नाही म्हणून विम्याची आठवण करून देणारा कोणी नाही. सिबिल ही संस्था २००० साली सुरू झाली. तिचा गुणांक ३०० ते ९०० मध्ये असतो आणि ७५० च्या वर चांगला समजतात. ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याच्या नावापुढे गुणांक येत नाही, इतिहास नसल्याचा शेरा येतो. रोखीत मासे विकणारा, डोंगा स्वतः किंवा गावच्या सुताराकडून करून घेणारा, सावकाराकडून हातउसने घेऊन बाजारानंतर पटवणारा माणूस आयुष्यभर व्यवहारात चोख असला तरी संगणकाला दिसत नाही. गंमत अशी की त्याच घरातल्या बाईचा गुणांक बहुधा असतो. बचत गट आणि सूक्ष्म वित्त कंपन्यांची कर्जं तिच्या नावावर असतात आणि त्यांची नोंद पतमाहिती कंपन्यांच्या दप्तरी जाते. नवऱ्याच्या डोंग्यासाठी उचललेले पैसे बायकोच्या नावावर, आठवड्याची किस्त तिने भरायची, आणि डोंगा मात्र त्याचा. अशा घरात पत बाईकडे आणि मालमत्ता पुरुषाकडे असते. बँकेच्या अर्जात ही दोन्ही एकाच व्यक्तीची लागतात.

किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून मच्छीमारांनाही खुलं झालं. दोन लाखांपर्यंतचं खेळतं भांडवल, सात टक्के व्याज, वेळेवर फेडलं तर तीन टक्क्यांची सूट, म्हणजे प्रत्यक्षात चार टक्के. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीविषयक कर्जाला तारणही लागत नाही. कागदावर याहून चांगलं काय हवं? पीककर्जासाठी सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीत बँकांना बजावलं, वेळ पडल्यास गुन्हे दाखल करण्याची भाषाही झाली. दर हंगामाला हे पुन्हा बजावावं लागतं, यावरून ते किती पाळलं जातं हे कळतं. आणि ते बजावणं पीककर्जापुरतं आहे. डोंगा-जाळ्यासाठी आलेल्या माणसाला शाखेत काय विचारलं जाईल हे शाखाधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे.

२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कर्ज, वीज, विमा यांत शेतकऱ्याला मिळतं ते मच्छीमारालाही मिळावं, असा त्याचा आशय. निर्णय चांगला आहे. पण शेतकऱ्याकडे सातबारा आहे. जगातल्या कुठल्याही सवलतीच्या दारात तो सातबारा पुढे करतो आणि दार उघडतं. डोंग्याचा सातबारा कुठे आहे? कोकणातल्या नौकांना नोंदणी आहे, केंद्राच्या ‘रिअलक्राफ्ट’ संकेतस्थळावर त्यांचे क्रमांक आहेत. अंतर्गत जलयानांसाठी १९१७ चा कायदा होता, त्याच्या जागी २०२१ चा नवा कायदा आला. त्याने यंत्रचलित जलयानांना नोंदणी आणि विमा बंधनकारक केला. बिनयंत्राच्या नावांसाठीही त्यात स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यांची नोंद ठेवण्याचं काम राज्याला स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतं, थेट ग्रामपंचायतीपर्यंत. म्हणजे घाटावरच्या प्रत्येक डोंग्याला पाटी मिळू शकते. कायद्याने दार ठेवलं आहे. त्यातून वैनगंगेचा डोंगा आत गेलेला मला तरी दिसलेला नाही.

नोंद नसण्याची किंमत पुराच्या वेळी कळते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात तुफान पाऊस झाला, वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि वैनगंगेने भंडारा शहरासह नदीकाठच्या तालुक्यांत हाहाकार केला. अशा आपत्तीत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते. त्या वेळच्या निकषांनुसार पूर्ण नष्ट झालेल्या नावेला ९,६०० रुपये, दुरुस्तीला ४,१०० रुपये होते. २०२२ च्या सुधारित निकषांत ते १५ हजार आणि सहा हजार झाले. पूर्ण गेलेल्या जाळ्याला चार हजार. ही नुकसानभरपाई नव्हे, ही मदत आहे, आणि निकषांतच तसं गृहीत धरलेलं आहे. पण तीही पंचनाम्यावर मिळते. डोंगा वाहून गेला तर पंचनाम्यात दाखवायचं काय? खुंटी? पडलेल्या घराची भिंत दिसते, सडलेलं धान दिसतं, पण गेलेला डोंगा गेलेलाच असतो. त्याचा फोटो नाही, बिल नाही, पाटी नाही. मग तलाठ्याने विश्वास ठेवला तर ठेवला.

माणसाच्या बाबतीत चित्र बरंच बरं आहे, हे सांगायला हवं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत १८ ते ७० वयाच्या नोंदणीकृत मच्छीमारांसाठी सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख, अंशतः कायम अपंगत्वाला अडीच लाख, अपघातात दवाखान्याच्या खर्चासाठी २५ हजार. हप्ता केंद्र आणि राज्य भरतं, मच्छीमाराला एक रुपयाही पटवावा लागत नाही. वर सांगितलेली २० रुपयांची सुरक्षा विमा योजना वेगळी. तिचा हप्ता बँक खात्यातून दर वर्षी आपोआप कापला जातो आणि खात्यात पैसे नसतील तर ती गुपचूप बंद पडते. या योजनांचं मर्म बघण्यासारखं आहे. इथे कोणी वय, धंदा, पत, जुने दावे बघून दर लावत नाही. खोल पाण्यात जाळं टाकणारा आणि कार्यालयात पंख्याखाली बसणारा, दोघांना २० रुपयेच. अमेरिकेत प्रत्येकाला वेगळा दर लावण्यासाठी माहितीचे डोंगर रचले जातात. इथे सगळ्यांना एकाच दरात बसवून खर्च इतका खाली आणला की गरिबाला परवडावा. दोन्ही विमेच. मला दुसरा जास्त शहाणपणाचा वाटतो.

तरी त्यातही भोकं आहेत. गणपूरच्या घटनेसारख्या प्रसंगी डोंग्यात बसलेल्या बाया मच्छीमार नसतात, मजूर असतात. सामूहिक मच्छीमार विमा त्यांना लागू नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन लाख मिळतात, पण ती सातबारा असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी. भूमिहीन मजुरीण तिथेही बाहेर. या योजनेचा इतिहास विमावाल्यांना लाजवणारा आहे: पूर्वी ती विमा कंपन्यांमार्फत चाले, दावे रखडत, त्रुटी काढून नाकारले जात. २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांना बाजूला करून थेट सानुग्रह अनुदान द्यायला सुरुवात केली. सरकारी कचेरी कंपनीपेक्षा बरी, असं म्हणायची पाळी यावी हे काही कमी नाही.

डोंग्याला विमा मिळायचा तर तो एकेकट्याने मिळणार नाही, हे ६०० रुपयांच्या हिशेबावरून उघड आहे. तो मच्छीमार सहकारी संस्थेमार्फतच शक्य आहे. मोहाडी-तुमसर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात तलावांचे आणि जलाशयांचे ठेके या संस्थांकडे आहेत, सभासदांची यादी त्यांच्याकडे आहे, कोणाचा डोंगा कोणता हे त्यांना तोंडपाठ आहे. संस्थेने सगळ्या डोंग्यांना रंगाने क्रमांक घालावेत, बसणाऱ्या माणसांचा आकडा लिहावा, वर्षातून एकदा फोटो काढून नोंदवही ठेवावी आणि सगळ्यांची मिळून एकच पॉलिसी मागावी. तीही फक्त संपूर्ण नुकसानीची, सभासदाने सुरुवातीचा काही भाग सोसण्याच्या अटीवर, आणि प्रवासी वाहतूक उघडपणे प्रस्तावपत्रात लिहून. लपवली तर दावा त्याच मुद्द्यावर मरेल. शंभर डोंगे एका कागदावर आले की पाहणी करणाऱ्याची एकच फेरी शंभरांत वाटली जाते. लॉइडच्या वहीत होतं तेच हे काम: लाकूड कसं आहे ते पाहून शेरा मारणं. माणसाच्या पतगुणांकाची त्यात गरज नाही. मत्स्यशेतीच्या विम्यासाठी केंद्राने २०२४ च्या मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत चार हेक्टरपर्यंतच्या शेततळ्यांना हप्त्याच्या ४० टक्के प्रोत्साहन ठेवलं आहे, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना त्या प्रोत्साहनाच्या आणखी दहा टक्के. तळ्यातल्या माशाला जे मिळतं ते नदीवरच्या डोंग्याला का मिळू नये, हा प्रश्न जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात आणि आमदारांच्या दारात विचारण्याजोगा आहे.

तोवर काठावरच्या घरांनी करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत आणि बिनखर्चाच्या आहेत. संस्थेच्या सचिवाला विचारून सामूहिक अपघात विम्याच्या यादीत आपलं नाव, वय आणि आधार बरोबर आहे का ते पाहावं. ३१ मेच्या आत खात्यात २० रुपये आहेत याची खात्री करावी, घरातल्या बाईच्या खात्यातही. डोंग्याचा, जाळ्याचा आणि मालकाचा एकत्र फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, पत्र्याचं वा फळ्यांचं बिल जपावं. सुताराने दिलेली साध्या कागदावरची पावतीही ठेवावी. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट देणं बंधनकारक आहे, तो मागवावा. त्यात फिटलेलं कर्ज थकीत दिसत असेल तर लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आणि रोवणीच्या दिवसांत डोंग्यात किती जण बसायचे, हा आकडा डोंग्याच्या कडेला रंगवायला कुठल्याही कार्यालयाची परवानगी लागत नाही.